गुलमर्गला ऑफ-पिस्ट जायचंय, फेब्रुवारी बरा की मार्चचा शेवट?

स्कीचे कोर्स झालेत, पिस्टवर, म्हणजे आखून-दाबून तयार केलेल्या उतारावर, हात बसलाय आणि आता गोंडोल्याच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्यावरून, म्हणजे साधारण ३९५० मीटरवरून, अफरवाट डोंगराच्या मोकळ्या उतारांवर जायचंय, अशा लोकांसाठी लिहितोय. पहिलीच वेळ असेल तर माझं मत सरळ मार्चच्या शेवटाला आहे, का ते सांगतो.

पावडरसाठी, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फासाठी, फेब्रुवारीला तोड नाही हे मान्यच. एक चांगला वेस्टर्न डिस्टर्बन्स (पश्चिमेकडून येणारं हिवाळी वादळ) आला की दोन-तीन दिवसांत मीटरभर बर्फ पडू शकतो. पण हिमस्खलनाचा धोका दिसत नाही ना. चिल्लई कलानच्या, म्हणजे काश्मीरच्या सगळ्यात कडक हिवाळ्याच्या, थंडीत बर्फाचा थर पातळ राहिला तर तळाचे कण साखरेसारखे सुटे होतात, त्यावर नवा बर्फ आणि वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ साचतो, मग एका माणसाच्या वजनानेही वरच्या बर्फाची अख्खी स्लॅब (लादी) सुटते. ३० ते ४५ अंशांचा उतार यासाठी सगळ्यात वाईट आणि स्कीला मजाही नेमकी तिथेच. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवाटवरच्या हापतखुडला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले. २०२४ चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला, मग बर्फ आला आणि २२ फेब्रुवारीला अफरवाटच्या उतारांवर एक रशियन स्कीअर तसाच दगावला. स्की पेट्रोल (उतारांवरचं सुरक्षा पथक) मुख्य बोल, म्हणजे मधला वाडग्यासारखा उतार, सांभाळतं, त्याच्या पलीकडे आपलं आपण. डीजीआरईचा (हिमस्खलनाचे अंदाज देणाऱ्या संरक्षण खात्याच्या संस्थेचा) इशारा येतो पण तो जिल्ह्यानुसार, बारामुल्ल्यात अमुक उंचीच्या वर मध्यम धोका असा, तुमच्या समोरचा उतार कसाय ते त्यातून कळत नाही.

आणि आपल्यासाठी खरी अडचण ठरलेल्या तारखांच्या तिकिटाची आहे. पुण्याहून आठवड्याची सुट्टी टाकून जायचं, त्यात तीन दिवस वादळ, गोंडोला बंद, चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं की सगळे सुटतात, आणि वादळानंतरचे पहिले २४ ते ४८ तासच सगळ्यात वाईट असतात. खालचा थर कच्चा असेल तर त्यानंतरही कित्येक दिवस भरवसा नाही.

मार्चच्या शेवटी हाच धोका बराचसा घड्याळावर चालतो. रात्री आभाळ मोकळं असलं की बर्फ घट्ट गोठतो, सकाळी वरचा थर जरा सैल झाला की मस्त दाणेदार बर्फ मिळतो, पूर्वेकडचे उतार आधी, पश्चिमेकडचे नंतर. बूट घोट्याच्या वर रुतायला लागले की निघायचं, दुपारी ओला बर्फ घसरतो. हे नवख्यालाही पायाखाली कळतं. रात्रभर ढग राहिले आणि बर्फ गोठलाच नाही, किंवा ताजा बर्फ पडून लगेच ऊन आलं, तर तो दिवस सोडायचा. तोटा म्हणजे खालच्या जंगलात बर्फ कमी आणि चिखल, पावडर तर नशिबाने.

तरी फेब्रुवारीच हवा असेल तर दहा-बारा दिवस हाताशी ठेवा, लोकल गाइड घ्या, आणि गाइड नाही म्हणाला की त्याच्याशी वाद घालू नका प्लीज. बीकन (गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं दोन्ही महिन्यांत प्रत्येकाकडे हवंच, तिथे भाड्याने मिळतं. पण गाडलेला माणूस पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर आला तरच चांगली आशा असते, तेवढ्यात बाहेरची मदत पोचत नाही, सोबतच्यांनीच शोधायचं असतं. म्हणून बीकन शोधायचा सराव ग्रुपमधल्या सगळ्यांनी वर जायच्या आधीच करून घ्या.