तलफेची वही: नऊ महिने वापरल्यानंतर

दारू सोडून दहा महिने झाले, ही वही हाती येऊन नऊ. समुपदेशकांनी दिली तेव्हा शाळेतला गृहपाठ वाटला आणि पहिले तीन आठवडे बॅगेतच पडून राहिली. साधी रेघांची वही, चार रकाने: वेळ, तलफ किती (0 ते 10), त्याआधी काय चाललं होतं, मग मी काय केलं.

आधीच सांगतो, पिणं थांबवायच्या पहिल्या दिवसांत वही कामाची नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. तो टप्पा मी डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढला.

वहीबरोबर एक युक्ती शिकवली, 'लाटेवर स्वार होणं'. ॲलन मार्लट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची. तलफेशी झुंजायचं नाही, तिला दाबायचंही नाही. शरीरात कुठे जाणवते ते नुसतं बघत बसायचं. माझी घशाखाली आणि जबड्यात येते. पहिल्यांदा टायमर लावून बसलो तेव्हा आकडा 8 होता, अकराव्या मिनिटाला 9. शिव्या घातल्या. तेविसाव्या मिनिटाला 4. माझ्या नोंदींत बहुतेक लाटा अर्ध्या तासात ओसरल्यात. पण डोकं तापलेलं असताना ही युक्ती मला साफ निरुपयोगी. तेव्हा बाहेर पडून तरातरा चालायचं, नाहीतर दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमधल्या कुणाला तरी फोन लावायचा.

दोन महिन्यांची पानं उलटून पाहिली आणि चाटच पडलो. मला वाटायचं, घात करतात ते मित्र. 7 च्या वरचे बहुतेक आकडे निघाले संध्याकाळी सहा ते आठमधले, रिकाम्या पोटी, घरी खटका उडाल्यावरचे. भूक, राग, एकटेपणा, थकवा ही चौकडी मीटिंगमध्ये कायम ऐकली होती. स्वतःच्या अक्षरात वाचल्यावर पटली. माझे निम्मे 'आयुष्याचे प्रश्न' म्हणजे भूक होती, हे कबूल करायला जरा लाज वाटते.

वहीचा खरा उपयोग मात्र घरात झाला. बायको माझ्या तोंडाचा वास घ्यायची, बॅग उचकायची, पाण्याची बाटलीसुद्धा हुंगून बघायची. मी फणकारायचो, "विश्वासच नाही!" समुपदेशकांनी शांतपणे विचारलं, "आजवर किती वेळा खोटं बोललात?" मोजदाद शक्य नव्हती. मग ठरलं: ती झडती घेणार नाही, मी रोज रात्री न विचारता आकडा सांगायचा. 7 च्या वर असेल तर तिने उपदेश करायचा नाही, एवढंच विचारायचं, "बोलायचंय की नुसती बसू?" पहिले काही दिवस आम्ही दोघं नाटकात पाठ केलेलं बोलल्यासारखे बोलत होतो.

पाचव्या महिन्यात घसरलो. पैशांवरून मोठ्या भावाशी वाजलं आणि दोन पेग झाले. 'झालंच आता वाटोळं, मग बाटलीच संपवू' हा विचार त्या दोन पेगांपेक्षा घातक. मार्लटनेही एकदा घसरणं आणि पुन्हा व्यसनात जाणं वेगळं धरलंय. तेवढं आठवलं म्हणून वहीत लिहिलं: 10, दोन पेग. घरी जाऊन सांगितलं. ती रडली, ओरडली नाही. सकाळी ऑफिसला काय कळवायचं म्हटल्यावर फोन माझ्या हातात दिला, "तूच सांग." आधी माझ्या सगळ्या थापा तीच मारायची. ती अल-ॲनॉनला जाते, व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी 1951 पासून चालत आलेल्या गटात. माझं पिणं तिच्यामुळे नाही आणि ते आवरणं तिच्या हातात नाही, हे तिला तिथे उमगलं. त्या सकाळी मला भयंकर राग आला होता. आज वाटतं, तेवढी मदत कुणीच केली नाही.

तक्रारी आहेत. काही दिवस लिहायला बसल्यानेच तलफ जागी होते. सातव्या महिन्यात कंटाळून दोन आठवडे वही बंद ठेवली. दोन मित्र तुटले. भाऊ अजून म्हणतो, "एक घेतलीस तर काय होतंय?" पूर्वी मी औषधं चालू असल्याचं कारण द्यायचो, आता "नको" म्हणतो आणि गप्प बसतो.

गेल्या महिन्यात बायकोने वहीत पाचवा रकाना आखला, तिच्या भीतीचा. परवा माझा आकडा 2 होता, तिचा 6. मी विचारलं, "बोलायचंय की नुसता बसू?"

"बस," ती म्हणाली.