उजनीच्या गाळासाठी होडीचा नांगर घेताय? आधी हे बघा

सोलापुरात एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन सपाट फाळांचा नांगर बनवून घेतला, डॅनफोर्थ टाइप, आणि खरं सांगतो उजनीच्या बॅकवॉटरला याच्यासारखा दुसरा नाही. बरेच जण अजून दोराला दगड नाहीतर चार आकड्यांचा गळ बांधतात, तो खडकात अडकतो पण गाळातून सरळ ओढत येतो. नुसत्या वजनानं होडी थांबत नाही हो, फाळ किती खोल रुततात त्यावर सगळं असतं. म्हणून फाळ आणि दांडी यांच्यातला अँगल बघाच, वाळूला साधारण 30-32 अंश चालतो पण मऊ गाळात फाळ जास्त उघडे लागतात, 45 च्या आसपास, आणि यात स्टॉपर, म्हणजे फाळ किती उघडतील ते अडवणारा तुकडा, दोन पोझिशनचा आहे, एक बोल्ट बदलला की झालं. फाळांची टोकं ग्राइंड करून धारदार केलीत, बुडाशी आडवी सळई आहे त्यामुळे तो कुशीवर उलटत नाही. वेल्डिंग दोन्ही बाजूंनी भरलंय, वरून हॉट डिप गॅल्व्हनाइज, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून थर दिलेला.

एकच तक्रार, शॅकल, म्हणजे साखळी जोडायची पिनवाली कडी, फार हलका दिलाय. तो बदलाच आणि पिन तारेनं बांधा नाहीतर हळूहळू सुटते. दांडीला दोन-तीन मीटर साखळी पण पाहिजे, नुसत्या दोरानं ओढ वर येते आणि फाळ उखडतात. दोर खोलीच्या 5 ते 7 पट सोडायचा, वारा सुटला तर अजून. खडकाळ काठाला मात्र हा नेऊ नका, तिथं गळच बरा.