लाँजिंगचा संच: दोरी उत्तम, हूक बदलाच

लाँजिंग म्हणजे घोड्याला लांब दोरीवर आपल्याभोवती गोल फिरवून व्यायाम देणं. ऑनलाइन मागवता येणाऱ्या या कानपुरी बनावटीच्या संचात चार वस्तू येतात: ८ मीटरची सुती पट्टीची दोरी, कॅव्हेसन (नाकपट्टीला कड्या असलेली, दोरी लावायची मोहरकी), लांब चाबूक आणि इलॅस्टिकच्या साइड रेनची, म्हणजे तोंडातल्या लोखंडापासून पोटाच्या पट्ट्यापर्यंत दोन्ही बाजूंना बांधायच्या पट्ट्यांची, जोडी. घोडा रिंगणात आत घुसतो, बाहेर ओढतो, मध्येच थांबून तोंड फिरवतो, या नेहमीच्या तक्रारींना हा संच किती उपयोगी पडतो आणि गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत कसा टिकतो, ते पाहू.

दोरी सुती आहे, हीच तिची जमेची बाजू. घोड्याने हिसका दिला की नायलॉन तळहात सोलून काढतं. सुती पट्टी हातमोज्यात पकड धरते. मात्र टोकाला हात घालण्यासाठी शिवलेला फासा पहिल्याच दिवशी कापून टाका. त्यात मनगट अडकलं आणि घोडा उधळला, तर माणूस फरफटत जातो. दोरी हातावर गुंडाळायचीही नाही. घड्या घालून तळहातावर धरायची.

लांबीचा हिशेब मात्र समजून घ्या. मीटरभर दोरी घड्यांत जाते, म्हणजे त्रिज्या ७ मीटर आणि रिंगण जेमतेम १४ मीटरचं. तरण्या घोड्याच्या सांध्यांना ते लहान पडतं. माणसाने मध्यभागी खांबासारखं उभं न राहता दीड-दोन मीटर त्रिज्येचा छोटा फेर चालत ठेवला, की तेच रिंगण १७-१८ मीटरचं होतं.

कॅव्हेसन हा संचातला सगळ्यात मोलाचा भाग. नाकपट्टीवर तीन कड्या आहेत. दोरी मधल्या कडीला लावली की दिशा बदलताना हूक काढावा लागत नाही आणि तोंडातल्या लोखंडाला धक्का बसत नाही. नाकपट्टी गालाच्या हाडाखाली दोन बोटं सोडून बसवा. त्याहून खाली गेली की नाकाच्या नाजूक हाडावर दाब येतो. चूक बहुतेक वेळा गालपट्ट्यात, म्हणजे जबड्याभोवती बांधायच्या पट्ट्यात होते. नाकपट्टी करकचून आवळतात आणि गालपट्टा लोंबता ठेवतात. दोरी ताणली की बाहेरच्या बाजूचा उभा पट्टा सरकत थेट डोळ्यावर येतो, घोडा डोकं झटकतो आणि लोक त्याला हट्टी ठरवतात. या संचातल्या गालपट्ट्याला भोकं कमीच आहेत. मारवाडी किंवा काठियावाडी घोड्याच्या निमुळत्या तोंडाला तो ढिला पडतो. चपला शिवणाऱ्याकडून दोन-तीन भोकं वाढवून घ्या.

चाबकाची काठी हलकी आहे, मनगट दुखत नाही, फक्त पुढचा दोरा आखूड वाटतो. तरी काम भागतं, कारण चाबूक मारायचा नसतो, दाखवायचा असतो. घोडा आत घुसला तर टोक त्याच्या खांद्याकडे रोखा आणि त्याच्या दिशेने एक पाऊल टाका. मागे सरकलात तर आत घुसायची सवयच लागेल. थांबून तोंड फिरवत असेल तर तुम्ही त्याच्या खांद्याच्या पुढे आला आहात, म्हणजे त्याची वाट अडवली आहे. पुठ्ठ्याच्या रेषेत या, चाबूक मागच्या पायांकडे धरा, आवाज द्या, आणि चालू लागताच चाबूक खाली घ्या. बाहेर ओढणाऱ्याशी रस्सीखेच नको. सतत ताण दिला की त्याला रेलायला आधार मिळतो. दोरी क्षणभर घट्ट, लगेच सैल, असं करत राहा.

आणि जमीन बघा, तिच्यापुढे कुठलंही सामान फुकट आहे. किनाऱ्यावर समुद्राकडे उतार असतो, त्यामुळे अर्ध्या रिंगणात घोडा घसरणीवर वेग घेतो आणि दुडकी बिघडते. कोरड्या वाळूत पाय रुतून कंडरांवर ताण येतो, तर एप्रिल-मेमध्ये जांभ्याच्या कडक मैदानावर सांध्यांना हादरे बसतात. भरतीने ओली केलेली सपाट पट्टी किंवा रेती पसरलेलं अंगण बरं. वेळ सकाळची, एकूण १५ ते २० मिनिटं, दर चार-पाच मिनिटांनी दिशा बदलून. दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे त्याहून ताणू नका.

साइड रेन पिशवीतच राहू द्या. इलॅस्टिक ताणलं जातं, घोडा त्यावर रेलायला शिकतो आणि पुढे लगामावरही तेच करतो.

सगळ्यात कमकुवत भाग म्हणजे हूक. लोखंडावर मुलामा आहे. खाऱ्या वाऱ्यात तो उडतो, फिरता सांधा गंजून अडकतो आणि दोरीला पीळ पडत जातो. भरीव पितळेचा फिरता हूक बसवून घ्या. किनाऱ्यावरून आल्यावर हूक गोड्या पाण्याने धुऊन पुसा आणि तेलाचा थेंब सोडा. पावसाळ्यात ओली दोरी गुंडाळून ट्रंकेत टाकू नका, बुरशी धरते आणि शिवण सडते. पडवीत लांब टांगून वाळवा. कॅव्हेसनच्या कातड्याला सॅडल सोप (कातड्याचा खास साबण) लावा, पण बेतानेच.