ऑफिसच्या मेल सर्व्हरवरचं व्हीपीएन काढलं, आठ महिने झाले

आमचं ऑफिस मशीद बंदरला, कस्टम्स क्लिअरिंगचं. अकरा माणसं. मेल सर्व्हर ऑफिसातच पोटमाळ्यावर आहे: जुना पीसी, त्यावर लिनक्स, मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स आणि फोन-कॉम्प्युटरना मेल दाखवणारा डव्हकॉट. पक्षकारांची इन्व्हॉइस, बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टम्सचा कागद) बाहेर कुणाच्या सर्व्हरवर ठेवायची नाहीत, हा शेठचा आग्रह आणि तो मला पटतो. अकाउंट्सबरोबर सर्व्हरही मीच बघते.

जानेवारी २०२५पर्यंत बाहेरून मेल बघायचा तर आधी व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद खाजगी रस्ता, लावावं लागायचं. कागदावर एकदम चोख व्यवस्था. पण आमचा माणूस न्हावा शेवा बंदराच्या गेटवर उभा, शिपिंग लाइनची डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडायचा कागद) मेलवर येऊन पडलेली आणि फोनवर व्हीपीएन गोल गोल फिरतंय, हे रोजचं होतं. डोंबिवलीहून येणाऱ्या ताईंची फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यात शिरली की कनेक्शन तुटायचं, मग परत पहिल्यापासून. शेवटी डिसेंबरात मला कळलं की तिघांनी आपले ऑफिसचे मेल परस्पर स्वतःच्या खाजगी खात्यावर फॉरवर्ड करून ठेवलेत. मी त्यांना दोष देत नाही, काम अडत होतं. पण ज्या कागदांसाठी एवढा बंदोबस्त केला, तेच कागद व्हीपीएनच्या जाचामुळे बाहेर गेले होते. त्या दिवशीच ठरवलं की व्हीपीएन काढायचं आणि मेल थेट इंटरनेटवरून उघडू द्यायचा.

त्यासाठी सर्वांत आधी ब्रॉडबँडवाल्याकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, घेतलेला असायला हवा. आमच्याकडे मेल येण्यासाठी तो होताच. तुमच्या राउटरच्या स्टेटस पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही इतर ग्राहकांबरोबर एकाच आयपीमागे आहात. पोर्ट (सर्व्हरची क्रमांक दिलेली दारं) कितीही उघडा, बाहेरून कुणी आत पोचणार नाही.

आम्ही नव्याने उघडली फक्त तीन पोर्ट: मेल वाचायला ९९३, पाठवायला ४६५, वेबमेलसाठी ४४३. बाहेरचे मेल येण्यासाठी २५ आधीपासून उघडंच होतं, पण त्यावरून लॉगिन करता येणार नाही अशी सोय केली. जुनी ११० आणि १४३ बंदच ठेवली. वाचणं आणि पाठवणं दोन्ही पहिल्या अक्षरापासून टीएलएसमध्ये, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येणार नाही असं; २०१८च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात हेच सुचवलंय. वेबमेलला पासवर्डशिवाय दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड लागतो. फोनमधलं मेल ॲप मात्र आयमॅपवर (मेल वाचायची पद्धत, तीच ९९३वरची) असा कोड मागत नाही. म्हणून प्रत्येक फोनला वेगळा, लांबलचक पासवर्ड मी स्वतः टाकून दिला. फोन हरवला तर तेवढाच पासवर्ड रद्द करायचा. सर्व्हरचं एसएसएच (दुरून सर्व्हर चालवायची सोय) आणि ॲडमिनचं पान अजूनही वायरगार्ड या व्हीपीएनच्या मागेच आहे, कारण तिथे मी एकटीच जाते आणि मला त्याचा त्रास नाही.

पहिल्याच रात्री लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडून बसले. ॲडमिन, इन्फो, टेस्ट, स्कॅनर, सेल्स… अशा नावांनी कुठकुठल्या देशांतून कोण कोण दार ठोठावत होतं. 'स्कॅनर' वाचलं आणि पोटात गोळा आला. आमच्या झेरॉक्स मशीनचं त्याच नावाचं खातं होतं आणि पासवर्डही तोच. तो मी तेव्हाच बदलला आणि त्या खात्याला बाहेरून लॉगिन बंद केलं. व्हीपीएन होतं तोवर कुणी तिकडे बघितलंच नव्हतं. पोर्ट उघडण्याआधी सगळी खाती एकेक करून तपासा, विशेषतः माणसांची नसलेली.

चुकीच्या लॉगिनवर नजर ठेवणारं फेल-टू-बॅन लावलंय. पाचदा चुकीचा पासवर्ड आला की तो आयपी दिवसभर बंद. हल्ले आटोक्यात आले, पण मार्चमध्ये शेठचा फोन आला, "घरी वायफायवर मेल येत नाही, मोबाईल डेटावर येतो." दोन तास मी सगळं तपासत होते. त्यांनी आदल्या दिवशी पासवर्ड बदलून घेतला होता आणि घरातल्या कपाटातला जुना आयपॅड जुन्याच पासवर्डने दर काही मिनिटांनी लॉगिन करत होता. त्यापायी त्यांच्या घराचाच आयपी बंद झाला होता. आता कुणाचा पासवर्ड बदलला की मी पहिला प्रश्न विचारते, "जुनी कुठली उपकरणं आहेत घरी?"

दुसरा दणका एप्रिलमधल्या एका रविवारी. सगळ्यांच्या फोनवर सर्टिफिकेटची (टीएलएससाठी लागणारं सर्व्हरचं ओळखपत्र) मुदत संपल्याचा इशारा, वेबमेल मात्र व्यवस्थित. ते सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या सेवेचं, नव्वद दिवसांचं. ते महिनाभर आधीच आपोआप नवं झालं होतं, वेब सर्व्हरने ते उचललंही होतं. डव्हकॉट मात्र मेमरीतलं जुनंच दाखवत होता, कारण नूतनीकरणानंतर त्याला रीलोड करायची ओळ मी लिहिलीच नव्हती. एका ओळीचं काम. जून २०२५पासून लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपण्याच्या आठवणीचे मेलही बंद केलेत, तेव्हा आपलीच आठवण कॅलेंडरमध्ये लावून ठेवा.

लॉग मी १८० दिवस ठेवते, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांत तेच आहे. अपडेट दर आठवड्याला, टाळाटाळ नाही. जून २०२५मध्ये आमच्या वेबमेलच्या, म्हणजे राउंडक्यूबच्या, मोठ्या त्रुटीची बातमी आली, तेव्हा मी त्याच संध्याकाळी त्याची १.६.११ ही दुरुस्त आवृत्ती टाकून घरी गेले. एवढं करायला ऑफिसात कुणी नसेल तर वेबमेल उघडू नका, नुसतं ९९३ आणि ४६५ ठेवा. आणि ऑफिसात मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज मेल सर्व्हर असेल तर माझ्या भरवशावर त्याचं ४४३ इंटरनेटवर उघडं टाकू नका. मार्च २०२१मध्ये त्याच वाटेने जगभरातले सर्व्हर फोडले गेले होते.

१९ ऑगस्ट २०२५ला पावसाने सेंट्रल आणि हार्बर दोन्ही ठप्प झाल्या. अकराही जण घरी, आणि दुपारपर्यंत एकाचाही "मेल उघडत नाही" म्हणून फोन आला नाही. मग बिल्डिंगची वीज गेली, थोड्या वेळाने यूपीएसही संपला. शेठ घाबरले, मेल गेले म्हणून. मी सांगितलं, पाठवणाऱ्याचा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, काही हरवणार नाही. रात्री वीज आली, पीसी आपोआप सुरू झाला, आणि साडेदहाच्या सुमारास माझ्या उशाशी फोन वाजू लागला. पहिला मेल न्हावा शेवाच्या डिलिव्हरी ऑर्डरचा होता. दोन मिनिटांत आमच्या माणसाचं त्याला उत्तर गेलेलंही दिसलं, उरणहून, घरूनच.