थेट संस्थेला की दैनिकाच्या निधीला?

‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा सामाजिक संस्थांसाठीचा देणगी उपक्रम आणि ‘सकाळ’ दैनिकाचा मदतनिधी ‘सकाळ रिलीफ फंड’ या दोन्हींत पैसा वाचकांचाच असतो. वृत्तपत्र देतं ते पानावरची जागा आणि आपली पत. पण पुढची वाट निराळी.

‘लोकसत्ता’ गणेशोत्सवाच्या दिवसांत रोज एका संस्थेची ओळख छापतो. संस्था काय करते, कुठे अडलंय, पैसा कशाला हवा, हे सविस्तर असतं. धनादेश त्या संस्थेच्याच नावाने निघतो, त्यामुळे कोणाला दिले हे देणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. कार्यालयाचं भाडं, कार्यकर्त्यांचं मानधन यांसाठी सहसा कोणी हात सैल सोडत नाही. एकदा संस्थेवर विश्वास बसला की तेही देणं सोपं जातं. शिवाय छापून आलेली ओळख संस्थेला नंतरही कामी येते. मात्र पूर आला, तर गणपतीपर्यंत थांबता येत नाही.

तिथे ‘सकाळ’चा फंड बरा. ट्रस्ट आधीपासून उभा, बातमीदार गावोगावी, त्यामुळे आपत्तीत लगेच हालचाल करता येते. दुष्काळी गावांत ओढे-तलावांतला गाळ काढण्याची कामंही या फंडातून झाली, त्यात ‘तनिष्का’ या ‘सकाळ’च्याच महिला गटांतल्या बायका पुढे होत्या. (गाळ शेतात पडतो, म्हणून शेतकरी स्वतः ट्रॅक्टर घेऊन येतात, बराच खर्च तिथेच वाचतो.) पण आपले पाचशे रुपये नेमके कोणत्या ओढ्यात गेले, ते देणाऱ्याला कळणं कठीण.

माझं विचाराल तर पूर-भूकंपाला फंड, एरवी थेट संस्थेच्या नावाचा धनादेश. आणि पावती दोन्हीकडे मागून घ्यावी.