वीतभर अंतरावरून: निकॉन डीएक्स ३५ मिमी एफ/१.८

घरातल्या रोजच्या वस्तूंचे फोटो काढायला कुठली लेन्स घ्यावी, असं कुणी विचारलं की मी निकॉनची डीएक्स ३५ मिमी एफ/१.८ जी सांगते. डीएक्स म्हणजे निकॉनच्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीची; आणि एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो. २००९ साली आलेली, जेमतेम २०० ग्रॅम वजनाची. लोक अशा कामाला मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून वस्तू मोठी टिपणारी लेन्स, घ्यायला निघतात. मला ते पटत नाही. मॅक्रोत वस्तू इतकी जवळ येते की तिचं घर सुटतं, आणि मला ती घरासकट हवी असते.

ही लेन्स सेन्सरपासून ३० सेंटिमीटरपेक्षा जवळ फोकस करत नाही. म्हणजे काचेच्या टोकापासून वस्तू साधारण वीतभर लांब. तेवढ्या अंतरावर चौकटीत जेमतेम साडेचौदा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा मावतो. तांब्याचं तोंड मावतं, शिवाय ओट्याची थोडी ओल. परवा नारळ खवून झाल्यावर विळीच्या खवणीच्या दातांत चव अडकून राहिला होता. काळ्या लोखंडावर तो पांढरा रंग एकदम डोळ्यांत भरला. शेजारी पाट ओढून बसले, थोडी वाकले, फोटो झाला. नारळाची करवंटी बाजूलाच होती, तीही आली. ती यायलाच हवी होती.

तिबेटी गुरू चोग्याम त्रुंग्पा यांच्या शिकवणीतून मायकेल वुड यांनी कॅनडात मिकसांग नावाची छायाचित्रणाची पद्धत घडवली. तिच्यात आधी काहीतरी अवचित नजरेत भरतं. मग जागीच थांबून नेमकं काय भरलं ते बघायचं: रंग, सावली की पोत. आणि शेवटी तेवढंच, जसं दिसलं तसं टिपायचं. माझ्या मते मधला टप्पा सगळ्यात अवघड, आणि झूम लेन्स नेमका तोच खाते. काही दिसलं रे दिसलं की हात रिंगकडे जातो आणि बघणं राहून जातं. इथे फिरवायला झूमच नाही. जवळ जायचं तर आपणच सरकायचं, आणि त्या सरकण्यात दोन-चार श्वास जास्तीचे मिळतात.

उजेडाचंही सांगते. आमचं घर सावंतवाडीकडचं, कौलारू. स्वयंपाकघरात एक काचेचं कौल आहे, बाकी अंधारच. कॅमेऱ्याबरोबर येणारी झूम लेन्स ३५ मिमीला एफ/४.५ च्या आसपास उघडते. ही तिच्या सहापट उजेड आत घेते, त्यामुळे फ्लॅश लागत नाही. फ्लॅशने ती सावलीच मरते जिच्यासाठी आपण थांबलो. मात्र वीतभर अंतरावर एफ/१.८ ला जेमतेम काही मिलिमीटर खोली स्पष्ट येते आणि चकचकीत स्टीलच्या कडांना जांभळी-हिरवी झाक येऊ शकते. मी बहुतेक एफ/५.६ वर असते. तिथे साधारण सेंटिमीटरभर मिळतं, वाटीची कड आणि आतली आमटी दोन्ही नीट दिसतात. लेन्समध्ये कंपन आवरायची सोय नाही. कोपरे गुडघ्यावर टेकवायचे, झालं.

३५ मिमी या एकाच मापाचा कंटाळा येत नाही का? प्रागचे छायाचित्रकार योसेफ सुदेक १९४० ते १९५४ या काळात आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो काढत राहिले. पहिल्या महायुद्धात त्यांनी उजवा हात गमावला होता, तरी जड लाकडी कॅमेरा वापरायचे. मला तर अजून आमची भांड्यांची मांडणीसुद्धा पुरी बघून झालेली नाही.

निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या, स्वतःची फोकस मोटर नसलेल्या कॅमेऱ्यांवरही ऑटोफोकस चालतो, कारण मोटर लेन्समध्येच आहे. निकॉनच्या झेड (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याला एफटीझेड अडॅप्टर लावावा लागेल. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर कोपरे काळवंडतील, तेव्हा ही घेऊ नका. सेकंडहँड घेताना मागून टॉर्च मारून आत बुरशीचे धागे आहेत का ते बघा, आणि कोकणात राहत असाल तर पावसाळ्याआधी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल घेऊन ठेवा.