चिठ्ठ्यांचा डबा की समोरासमोर गप्पा?

सोलापुरात पूर्व भागातल्या नववी-दहावीच्या मुलांशी एचआयव्हीवर बोलायचं, तर अभ्यासकापुढे दोन वाटा. डब्यात निनावी चिठ्ठी, नाहीतर समुपदेशकासमोर खुर्ची. डब्यात खरं बाहेर येतं. वहीच्या पानाला आठ घड्या, आत पेन्सिलीने 'डास चावून होतो का?' (नाही होत.) पण चिठ्ठीला उलट प्रश्न विचारता येत नाही, भीती नेमकी कशाची ते कळत नाही. गप्पांत कळतं, घरी तेलुगू बोलणारी मुलगी तर तिच्या भाषेत विचारलं की पटकन मोकळी होते. फक्त दाराबाहेर मैत्रिणी नकोत! चाचणीचं निघालं की १८ वर्षांखाली पालकांची संमती लागते, तिथे घोडं अडतं. मी आधी डबाच ठेवीन, वर ठळक अक्षरांत १०९७, मोफत हेल्पलाइन.